लागलं कुठं, लिहायचं काय?

मराठी माणसाला 'लागतं'. हे एक क्रियापद त्याला जन्मभर पुरतं. पायाला दगड लागतो, कपाळाला दाराची चौकट लागते, मनाला बोलणं लागतं. शिवाय भूक लागते, तहान लागते, नोकरी लागते आणि एखाद्या भाग्यवंताला लॉटरीसुद्धा लागते. या सगळ्या लागण्यांतून नेमकं काय आणि किती लागलं ते सांगायचं झालं, तर मराठीनं शब्दांचं पोतंच मोकळं करून ठेवलं आहे. गुडघा खरचटतो, कोपर सोलवटतं, अंगठ्याला ठेच लागते, कपाळाला टेंगूळ येतं, डोक्याला खोक पडते, पाय मुरगळतो, मान लचकते, कमरेत उसण भरते, मांजर बोचकारतं, तवा चटका देतो, दाराच्या फटीत बोट चेंगरतं. आणि वरून काहीच दिसत नसताना आतून अंग ठणकत असलं तर त्याला मुका मार म्हणतात. मार मुका असतो. खाणारा मात्र आठवडाभर बोलत असतो.

हे सारं वैभव फॉर्म समोर येईपर्यंत टिकतं. फॉर्म इंग्रजीत असतो. त्यात 'नेचर ऑफ इन्जुरी' असा एक रकाना असतो आणि त्याची लांबी असते दीड इंच. त्या दीड इंचात ठेच बसत नाही. इंग्रजीत पायाचं बोट 'स्टब' होतं खरं, पण ठेचेला आपल्यासारखं सुटसुटीत नाम नाही. साहेबाचे बूट जाड असावेत! खरचटणं म्हणजे 'स्क्रॅच', की 'ग्रेझ', की 'स्क्रेप', की डॉक्टरी थाटाचं 'अ‍ॅब्रेजन'? सांध्याचे बंध ताणले गेले तर 'स्प्रेन', स्नायू ताणला गेला तर 'स्ट्रेन'. एक अक्षर बदललं की दुखणं एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वर्ग होतं.

मी कॉमर्सचा पदवीधर. इतिहासाशी माझा संबंध जुन्या लेजरांवरची धूळ झटकण्यापुरता. पण वीस-बावीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला एक खोड जडते. समोर काहीही आलं की तो विचारतो, हे कुठून आलं, कुणाच्या नावे पडलं आणि पैसे कोण देणार? हीच खोड मी या शब्दांवर चालवून पाहिली. निघालेला हिशेब मजेदार आहे आणि थोडा लागणाराही आहे.

इंग्रजीत दुखण्याची तीन मजली चाळ आहे. तळमजल्यावर जुनी बिऱ्हाडं: 'वूंड', 'सोअर' वगैरे. हे शेतात राबणाऱ्या माणसाचे शब्द. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि राज्यकर्त्यांच्या मागोमाग त्यांची फ्रेंच भाषा कचेरीत येऊन बसली. ती मधल्या मजल्यावर. तिथला 'हर्ट' हा मुळात धडक देण्याचा शब्द. 'पेन' हा शब्दही तिथलाच, आणि त्याचं लॅटिन मूळ पाहिलं तर अर्थ निघतो दंड, शिक्षा. 'पीनल कोड'मधला 'पीनल' याच घराण्यातला. म्हणजे आपली दाढ दुखते तेव्हा इंग्रजीच्या हिशेबी आपण दंड भरत असतो. 'इन्जुरी'ची गंमत याहून मोठी. लॅटिनमध्ये तिचा अर्थ अन्याय. गुडघा फुटला ही पुढची गोष्ट; आधी कुणीतरी कुणाचा तरी हक्क मोडला पाहिजे. वरच्या मजल्यावर डॉक्टर मंडळी: 'कन्ट्यूजन', 'अ‍ॅब्रेजन', 'लॅसरेशन'. ऐकून घाम फुटतो, पण मुळातले अर्थ अनुक्रमे ठेचणं, खरवडणं आणि फाडणं एवढेच. आपल्या स्वयंपाकघरात आलं ठेचतात, खोबरं खरवडतात, तेव्हा तिथं रोज लॅटिनच चाललेलं असतं.

आपण इंग्रजांना हसावं असंही नाही. आपली 'जखम' फारसी, 'इजा' अरबी आणि 'व्रण' संस्कृत. दख्खनच्या सुलतानांच्या कचेऱ्यांत फारसीचा अंमल होता. त्या काळी माणूस मार मराठीत खाई आणि अर्ज फारसी वळणाने करी. भाषा बदलली तरी रिवाज एकच: दुखणं घरच्या शब्दांत, कागद राज्यकर्त्याच्या शब्दांत.

या रिवाजाला पक्कं कायदेशीर रूप दिलं ते मेकॉलेनं. १८३४ साली तो हिंदुस्थानात आला, लॉ कमिशनचा अध्यक्ष झाला, आणि १८३७ साली त्यानं दंडसंहितेचा मसुदा सरकारला सादर केला. पुढे मसुदा फायलीत पडला. मेकॉले मायदेशी परतला, इतिहास लिहिले, १८५९ च्या डिसेंबरात वारला; आणि १८६० च्या ६ ऑक्टोबरला संहिता मंजूर झाली. अंमल १ जानेवारी १८६२ पासून. मसुद्यापासून मंजुरीपर्यंत तेवीस वर्षं! आमच्या बँकेत कर्जाची फाइल तीन महिने अडकली की गिऱ्हाईक आरडाओरडा करतं. त्यांनी मेकॉलेकडे पाहावं.

त्या संहितेत माणसाला लागण्याचे दोनच मोठे डबे केले होते. एक 'हर्ट', दुसरा 'ग्रीव्हस हर्ट'. आपल्या कोर्टाच्या मराठीत दुखापत आणि जबर दुखापत. शरीराला वेदना, रोग किंवा दुर्बलता आणली की कलम ३१९ ची दुखापत झाली. जबर दुखापतीचे कलम ३२० मध्ये आठ प्रकार मोजून दिले होते. डोळ्याची दृष्टी कायमची जाणं, कानाचं ऐकू येणं कायमचं जाणं, अवयव किंवा सांधा गमावणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, असे ते प्रकार. सातवा प्रकार हाड किंवा दात मोडण्याचा किंवा निखळण्याचा. म्हणजे दात नुसता हलला तर दुखापत, पडला तर जबर. आठवा प्रकार मला फार आवडतो. जिवाला धोका झाला, किंवा माणूस वीस दिवस तीव्र वेदनेत राहिला, किंवा त्याला वीस दिवस आपले नेहमीचे उद्योग करता आले नाहीत, तर जबर.

वीस दिवस! एकोणिसाव्या दिवशी घरच्यांच्या आग्रहाखातर दळण आणायला गेलात तर तुमची दुखापत तिथल्या तिथं साधी होणार. आणि फरक किरकोळ नव्हता. मुद्दाम साधी दुखापत केली तर जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. जबर केली तर सात वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. मारणारा तोच, काठी तीच, मार खाणाराही तोच. मधे फक्त एका विशेषणाचं अंतर.

याच संहितेत कलम ९५ नावाचं एक शहाणं कलम होतं. इजा इतकी क्षुल्लक असेल की सर्वसाधारण समजेचा आणि स्वभावाचा माणूस तिची तक्रार करणार नाही, तर तो गुन्हाच नाही. हे कलम नसतं तर संध्याकाळी सहाच्या लोकलमधून दादरला उतरणाऱ्या प्रत्येकाला आरोपी आणि फिर्यादी अशा दोन्ही रांगांत उभं राहावं लागलं असतं.

हिंदुस्थानासाठी इतकं रेखीव कोष्टक आखणाऱ्या इंग्रजांचं स्वतःचं घर मात्र अस्ताव्यस्त होतं. सगळे गुन्हे एकत्र बांधणारी संहिता इंग्लंडात आजतागायत झालेली नाही. १८०३ साली तिथं लॉर्ड एलनबरोचा कायदा झाला. त्यात शब्द होते भोसकणं आणि कापणं. मग बोथट दांडक्यानं डोकं फोडलं तर? भोसकलं नाही, कापलंही नाही. आरोपीच्या वकिलाला आयती फट मिळाली. म्हणून १८२८ साली त्यात 'वूंड' घातला. तेव्हा प्रश्न निघाला की दातांनी चावा घेतला तर तो 'वूंड' होतो का. कोर्टाचं म्हणणं पडलं की कायद्याला हत्यार अभिप्रेत आहे, दात हे हत्यार नव्हे. ज्याच्या बोटाचं टोक गेलं होतं त्याला हा व्याकरणाचा मुद्दा कितपत पटला असेल कोण जाणे. शेवटी १८६१ च्या कायद्यात 'कोणत्याही साधनानं' असे शब्द घालून ही गळती बुजवली.

गळती एकीकडे बुजवली की दुसरीकडून पाणी येतं, हे जुन्या इमारतीत राहणाऱ्यांना सांगायला नको. १९८३ सालची गोष्ट. एकाच्या डोळ्याजवळ छऱ्याच्या बंदुकीचा छर्रा लागला. आतल्या रक्तवाहिन्या फुटून डोळ्यात रक्त उतरलं. कोर्टानं सांगितलं की हा 'वूंड' नव्हे. कातडी पूर्ण जाडीची फाटल्याशिवाय 'वूंड' होत नाही. म्हणजे तिथल्या कायद्यात दाढी करताना वस्तरा खोल लागला तर जखम, आणि डोळा रक्तानं भरला तर जखम नाही! 'ग्रीव्हस' म्हणजे तरी काय, याचा निकाल १९६० साली तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं लावला. अर्थ निघाला 'खरोखर गंभीर'. एवढ्यासाठी लॉर्ड लोकांना बसवलं होतं. आमच्या शाखेतला चहावाला उभ्या उभ्या सांगू शकला असता.

डॉक्टरांचे शब्द त्या मानानं प्रामाणिक. त्यांना शिक्षा करायची नसते, फक्त काय झालं ते लिहायचं असतं. कातडीचा वरचा पापुद्रा गेला तर 'अ‍ॅब्रेजन'. कातडी शाबूत, पण आत रक्त साकळलं तर 'कन्ट्यूजन', म्हणजे आपला मुका मार. बोथट आघातानं कातडी फाटली तर 'लॅसरेशन', धारदार शस्त्रानं कापली तर 'इन्साइज्ड वूंड'. इथंही चकवा आहेच. टाळूवर किंवा नडगीवर कातडीखाली लगेच हाड असतं. तिथं काठी बसली तरी कातडी अशी सरळ चिरते की सुरीनं कापल्यासारखी वाटावी. घाईघाईनं चुकीचा शब्द पडला की काठीवाला सुरीवाला होतो, आणि कोर्टात सुरी कुठं आहे म्हणून शोध सुरू होतो. मुका मार तर रंगही बदलतो. आधी तांबडा, मग निळा-काळा, मग हिरवट, मग पिवळा. रंगावरून डॉक्टर मार किती दिवसांचा त्याचा अंदाज बांधतात. आमच्या पासबुकापेक्षा ही नोंद बोलकी. मात्र ती वेळेवर वाचली पाहिजे, कारण दोन-तीन आठवड्यांत शाई उडून जाते.

आता या इतिहासाला आमच्या बँकेच्या शाखेचं एक ठिगळ लावतो. गोष्ट २००६ सालची. दुपारच्या वेळी लोखंडी कपाटाचं जड दार आमच्या दफ्तरींच्या डाव्या हातावर मिटलं. करंगळीशेजारच्या बोटाचं नख उखडलं, टोक टम्म सुजलं. बर्फ लावला, पट्टी बांधली, आणि फॉर्म निघाला. नियम असा, की ड्यूटीवर गंभीर इजा झाली तर खास रजा आणि दवाखान्याचा खर्च. किरकोळ असेल तर माणसानं आपल्या आजारपणाच्या रजेतून भागवावं. मग त्या दीड इंचाच्या रकान्याभोवती सगळी शाखा जमली.

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या आमच्या बाई म्हणाल्या, "ब्रूझ लिहा." हेड कॅशियर म्हणाले, "हर्ट लिहा, सगळ्यांना समजतं." युनियनचे प्रतिनिधी टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "ग्रीव्हस!" मुठीला बहुतेक लागलं असावं, पण त्यांनी दाखवलं नाही. साहेबांना मोठा शब्द नको होता. मोठ्या शब्दामागून चौकशी येते, आणि चौकशीत कपाटाची बिजागरी कधी दुरुस्त केली होती असा प्रश्न येतो. एवढ्यात कुणाला तरी सुचलं की ज्याचं बोट त्याला विचारावं. दफ्तरी खुर्चीत हात वर धरून बसले होते. म्हणाले, "साहेब, ठणकतंय असं लिहा की. डोक्यापर्यंत ठणकतंय." साहेबांनी मान डोलावली आणि लिहिलं: 'मायनर ब्रूझ'.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे निघाला. बोटाच्या टोकाच्या हाडाला चीर होती. डॉक्टरांनी दाखल्यावर 'क्रश इन्जुरी' आणि 'फ्रॅक्चर' असे दोन शब्द लिहिले. मेकॉलेच्या सातव्या प्रकारात बसणारं हे हाड! कपाटावर खटला भरता येत नाही म्हणून, नाहीतर आमचं कपाट सात वर्षं आत गेलं असतं. पण वरच्या कचेरीचं उत्तर आलं की शाखेनंच इजा 'मायनर' कळवली आहे, सबब खास रजेचा प्रश्न उद्भवत नाही. पत्रं गेली, आली. दुसऱ्या पत्राचा मसुदा मी केला. त्यात एक्स-रेची प्रत, डॉक्टरांचे दोन्ही शब्द अधोरेखित, आणि 'मायनर' हा शब्द एक्स-रेच्या आदल्या दिवशीचा आहे एवढी तारखेची आठवण. सहा महिन्यांनी मंजुरी आली. तोवर दफ्तरींचं नख पूर्ण उगवून आलं होतं. मधल्या काळात आजारपणाची रजा संपली, तेव्हा त्यांचे चार दिवसांचे पैसे कापले गेले. ते नंतर मिळाले. एका विशेषणाची ही किंमत मी स्वतः व्हाउचरवर पाहिली आहे.

आमच्या दफ्तरींचं निदान हाड जागेवर राहिलं. कारखान्यात बोटं जागेवर राहत नसत, म्हणून १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला होता. त्याच्या परिशिष्टात माणसाचं शरीर टक्क्यांत मांडलं होतं. आमच्याकडे व्याजदराचा तक्ता भिंतीवर असतो, तसाच हा दुखण्याच्या दराचा. अंगठा गेला तर कमाईची ताकद तीस टक्के गेली. तर्जनी सबंध गेली तर चौदा टक्के, तिचं एक पेर गेलं तर नऊ, आणि हाड न जाता नुसतं टोक छाटलं गेलं तर पाच. अनामिका किंवा करंगळी सबंध गेली तरी सातच. अंगठी घालायच्या बोटाला लग्नात केवढा मान, पण यंत्रापुढे त्याचा भाव तर्जनीच्या निम्मा. नऊ आणि पाच यांच्या मधे उभा असतो एक शब्द: हाड गेलं, की नाही गेलं. तो शब्द कारखान्याच्या रजिस्टरात लिहिणाऱ्याची बोटं बहुधा दहाच्या दहा शाबूत असत. २०१० पासून हा कायदा 'कामगार' ऐवजी 'कर्मचारी' या नावानं चालला, आणि पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो सामावून घेतला गेला.

मेकॉलेची संहिताही आता गेली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. दुखापत ३१९ वरून ११४ वर आली, जबर दुखापत ३२० वरून ११६ वर. क्षुल्लक इजेचं शहाणं कलम ९५ वरून ३३ वर येऊन बसलं. दादरचे लोक निश्चिंत असावेत. साध्या दुखापतीचा दंड हजाराचा दहा हजार झाला. आणि ते वीस दिवस? त्यांचे पंधरा झाले. एकशे साठाहून अधिक वर्षं जी वेदना विसाव्या दिवशी जबर ठरत होती, ती आता पंधराव्या दिवशीच ठरते. माणूस नाजूक झाला असं काही जण म्हणतील. मला वाटतं, कागद पाच दिवसांनी माणसाच्या जवळ सरकला.

सगळा हिशेब जुळवून पाहिला तर खातेवहीत एक गोष्ट ठळक दिसते. लागतं एकाला, आणि शब्द निवडतो दुसरा. मसुदा करणारा, निकाल देणारा, रजिस्टर लिहिणारा, दीड इंचाचा रकाना भरणारा, यांतल्या कुणालाच ठणकत नसतं. म्हणून 'ब्रूझ' की 'कन्ट्यूजन', 'मायनर' की 'ग्रीव्हस', हा इंग्रजीच्या परीक्षेतला प्रश्न नाही. तो कुणाची रजा, कुणाचा पगार, कुणाची कैद ठरवणारा प्रश्न आहे. तेव्हा तुमच्यावर कधी असा फॉर्म भरायची वेळ आली, तर इंग्रजी शब्द डॉक्टरांच्या कागदावरूनच उचला, तारीख घाला, आणि 'मायनर' हा शब्द एक्स-रे येईपर्यंत पेनात ठेवा. ज्याला लागलंय त्याला आधी मराठीत विचारा, "फार लागलं का हो?" या प्रश्नाला कुठल्याच फॉर्मात रकाना नाही. पण त्याचं उत्तर ऐकल्यावर पुढचा रकाना भरणाऱ्याचा हात जरा जपून चालतो, असा माझा अनुभव आहे.